दुसऱ्याच्या मापाचा सदरा

काही वर्षांपूर्वी आमच्या प्रयोगशाळेतील एका फ्रीझरला आम्ही स्वतः तयार केलेली धोक्याची घंटा बसवली होती. फ्रीझरमध्ये उणे २० अंश सेल्सिअस तापमानाला जैविक नमुने ठेवलेले असत. आत एक तापमापक, बाहेर तळहाताएवढा आर्म जातीच्या प्रोसेसरचा बोर्ड आणि त्याला जोडलेला बझर, एवढीच सामग्री. बोर्डावरचा प्रोग्रॅम दर मिनिटाला तापमान वाचत असे, ते पूर्ण अंशांत एका बाइटमध्ये साठवीत असे आणि तापमान उणे १० च्या वर गेले की बझर वाजवीत असे. हा प्रोग्रॅम आम्ही टेबलावरच्या नेहमीच्या संगणकावर सी भाषेत लिहिला. त्याच संगणकावर खोटी तापमाने देऊन तो तपासला. तो अचूक चालला. मग तोच प्रोग्रॅम बोर्डासाठी भाषांतरित करून बोर्डावर चढवला.

बझर वाजू लागला तो थांबेचना. नोंदी पाहाव्यात म्हणून बोर्डाने साठवलेले बाइट आम्ही संगणकावर उतरवून घेतले. तेथे उणे २०, उणे १९, उणे २० अशा सरळ नोंदी दिसल्या. म्हणजे फ्रीझर ठीक, तापमापक ठीक, बझरच बिघडलेला, असा निष्कर्ष आम्ही काढला आणि नवा बझर येईपर्यंत जुन्याची तार काढून ठेवली. पुढच्या रविवारी रात्री फ्रीझरचा काँप्रेसर खरोखरच बंद पडला. सोमवारी सकाळी दार उघडले तेव्हा एका विद्यार्थिनीचे आठ महिन्यांचे काम वितळून गेले होते.

बझर बिघडलेला नव्हता. तापमापक खोटे बोलला नव्हता. भाषांतर करणाऱ्या कंपायलरनेही एकही नियम मोडला नव्हता. मग चूक होती कोठे? हे समजण्यासाठी एका संगणकावर बसून दुसऱ्याच जातीच्या संगणकासाठी प्रोग्रॅम कसा तयार करतात हे पाहावे लागेल. या कामाच्या हत्याराला क्रॉस-कंपायलर म्हणतात.

प्रत्येक प्रोसेसरची भाषा वेगळी

प्रोसेसर ज्या आज्ञा थेट पाळू शकतो त्या म्हणजे ठरावीक अंकांच्या मालिका. कोणत्या अंकाचा अर्थ बेरीज आणि कोणत्या अंकाचा अर्थ स्मृतीतून संख्या आणणे, हे ती चिप आखणारे ठरवतात. निरनिराळ्या घराण्यांनी ते निरनिराळे ठरवले आहे. शाळेच्या कार्यालयातील संगणकात बहुधा एक्स-८६ घराण्याचा प्रोसेसर असतो, खिशातील मोबाइलमध्ये आर्म घराण्याचा, तर विद्यार्थी प्रकल्पासाठी वापरतात त्या आर्डुइनो उनो या बोर्डावर एव्हीआर घराण्याची चिप असते. ‘हाती घेतलेले छोटे काम संपले, ज्याने बोलावले त्याच्याकडे परत जा’ ही अगदी साधी आज्ञा घेतली, तरी ती एक्स-८६ मध्ये एका बाइटची, एव्हीआरमध्ये दोन बाइटची आणि ६४ बिटांच्या आर्ममध्ये चार बाइटची असते. एकाची मालिका दुसऱ्याच्या लेखी निरर्थक ठरते.

माणसाने सी सारख्या भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम या यंत्रभाषेत आणणारा प्रोग्रॅम म्हणजे कंपायलर. कंपायलर हाही शेवटी एक प्रोग्रॅमच, त्यामुळे त्यालाही कोणत्या तरी प्रोसेसरवर चालावे लागते. सामान्यतः तो ज्या संगणकावर चालतो त्याच जातीच्या संगणकासाठी भाषांतर करतो. पण तसे बंधन मात्र नाही. पुण्यात बसलेला भाषांतरकार मदुराईच्या वाचकासाठी तमिळमध्ये लिहू शकतो; त्यासाठी त्याने मदुराईत राहायला जाण्याची गरज नसते.

आर्डुइनोच्या बाबतीत तर दुसरा मार्गच नाही. उनो बोर्डावरील चिपमध्ये प्रोग्रॅम ठेवण्यासाठी ३२ किलोबाइट आणि चालू कामातील संख्या ठेवण्यासाठी केवळ २ किलोबाइट जागा असते. या लेखाची अक्षरेसुद्धा त्या दोन किलोबाइटमध्ये मावणार नाहीत. कित्येक मेगाबाइटचा कंपायलर तेथे चालणे अशक्यच. म्हणून विद्यार्थी मोठ्या संगणकावर प्रोग्रॅम लिहितो, ‘अपलोड’चे बटन दाबतो, तेव्हा पडद्याआड एक क्रॉस-कंपायलर काम करतो आणि तयार झालेली एव्हीआरची यंत्रभाषा तारेतून बोर्डावर जाते. ज्या शाळांत अटल टिंकरिंग लॅब आहे तेथील मुले हे हत्यार नाव न कळता रोज वापरत असतात.

नवजात यंत्राचा पेच

ही पद्धत आजची नाही. नव्या जातीचा कोणताही संगणक जन्मतो तेव्हा त्याच्यासाठी एकही प्रोग्रॅम नसतो. त्यावर काही लिहायचे तर संपादक हवा, कंपायलर हवा. आणि ते तर त्यावरच लिहायचे आहेत. कोंबडी आधी की अंडे आधी, असा हा पेच आहे. तो सोडवायचा तर दुसऱ्या, आधीच चालू असलेल्या संगणकाचा आधार घ्यावा लागतो.

१९६९ साली अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीजमध्ये केन थॉम्सन यांनी युनिक्सची सुरुवात पीडीपी-७ या लहान संगणकावर केली. पण आरंभीचे प्रोग्रॅम त्यांनी तयार केले ते जनरल इलेक्ट्रिकच्या मोठ्या संगणकावर. तो संगणक पीडीपी-७ ला समजेल अशी कागदी फीत छिद्रे पाडून देई आणि ती फीत उचलून पीडीपी-७ कडे न्यावी लागे. पीडीपी-७ वर स्वतःचा संपादक आणि असेम्ब्लर चालू लागल्यावर ही ये-जा थांबली.

१९७५ सालचे उदाहरण अधिक प्रसिद्ध आहे. ऑल्टेअर नावाचा छोटा संगणक नुकताच जाहीर झाला होता. त्यात इंटेलची ८०८० ही चिप होती. बिल गेट्स आणि पॉल ॲलन यांनी त्याच्यासाठी बेसिक भाषा तयार केली, तीही ऑल्टेअर प्रत्यक्ष न पाहता. ॲलन यांनी हार्वर्ड विद्यापीठातील पीडीपी-१० या मोठ्या संगणकावर ८०८० चे सोंग घेणारा एक प्रोग्रॅम लिहिला. गेट्स यांचे बेसिक त्या सोंगावर तपासले गेले. मग ॲलन कागदी फीत घेऊन ऑल्टेअर बनवणाऱ्यांकडे आल्बकर्कीला निघाले. फीत यंत्रात वाचून घेणारा छोटा प्रोग्रॅम लिहायचा राहून गेला आहे, हे त्यांच्या विमानात लक्षात आले आणि तो त्यांनी विमानातच कागदावर लिहून काढला. खऱ्या यंत्रावर बेसिक चालले. पण ते चालले याचे श्रेय ८०८० चा प्रत्येक नियम तंतोतंत पाळणाऱ्या त्या सोंगाला दिले पाहिजे.

हा पेच आजही संपलेला नाही. अमेरिकेतील बर्कली येथे २०१० साली रिस्क-फाइव्ह या नावाने कोणालाही मुक्तपणे वापरता येईल असा आज्ञासंच आखण्यास सुरुवात झाली. भारतात आयआयटी मद्रासचे शक्ती आणि सी-डॅकचे वेगा हे प्रोसेसर त्याच आज्ञासंचावर उभे आहेत. चिप कितीही उत्तम असली तरी तिच्या भाषेत बोलणारी हत्यारे नसतील तर ती मुकी राहते. रिस्क-फाइव्हसाठी ही हत्यारे आधी एक्स-८६ च्या संगणकांवर क्रॉस-कंपायलर म्हणूनच तयार झाली.

साखळीतील कड्या

‘कंपायलर’ असे आपण एकवचनात म्हणतो, पण प्रत्यक्षात ती हत्यारांची साखळी असते. तिला टूलचेन म्हणतात. कड्या मुख्यतः चार.

पहिली कडी खुद्द कंपायलर. तो सी भाषेतील मजकूर वाचून त्या प्रोसेसरच्या असेम्ब्ली भाषेत, म्हणजे आज्ञांच्या संक्षिप्त नावांत उतरवतो. दुसरी कडी असेम्ब्लर. तो या नावांचे अंक करतो. तिसरी कडी लिंकर. निरनिराळे तुकडे एकत्र जोडून कोणता तुकडा स्मृतीत कोठे बसेल हे तो ठरवतो. चौथी कडी म्हणजे तयार कामांचे ग्रंथालय, लायब्ररी. वर्गमूळ काढणे, अक्षरे छापणे, स्मृती मागून घेणे अशी नेहमीची कामे तिच्यात असतात.

मुक्तपणे मिळणाऱ्या अशा साखळ्यांपैकी सर्वांत प्रचलित साखळी जीसीसी या कंपायलरभोवती उभी आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी तो १९८७ साली प्रथम प्रसिद्ध केला. त्याचा असेम्ब्लर व लिंकर ‘बिनयुटिल्स’ या संचात मिळतात. लायब्ररी मात्र गरजेप्रमाणे निवडायची असते: पूर्ण लिनक्स चालवणाऱ्या यंत्रासाठी जीलिबसी, छोट्या बोर्डांसाठी न्यूलिब, आर्डुइनोच्या एव्हीआर चिपसाठी एव्हीआर-लिबसी. जीसीसीच्या पोटात काय चालते हे विद्यार्थ्यांना उलगडून दाखवणाऱ्या कार्यशाळा मुंबईच्या आयआयटीत प्रा. उदय खेडकर यांनी घेतल्या आहेत.

आता साखळी घडवायची कशी ते पाहू. समजा, एक्स-८६ संगणकावर बसून आपल्याला आर्म-लिनक्ससाठी साखळी बनवायची आहे. प्रथम बिनयुटिल्स बनवायचे, कारण असेम्ब्लर नसेल तर कंपायलरच्या असेम्ब्लीचा उपयोग नाही. मग कंपायलर. पण येथे जुना पेच पुन्हा उभा राहतो. पूर्ण कंपायलर तयार होताना त्याला आर्मची लायब्ररी लागते. आणि आर्मची लायब्ररी स्वतः सी भाषेत लिहिलेली असल्याने ती तयार करायला आर्मसाठी भाषांतर करणारा कंपायलर लागतो!

यावर तोडगा असा. आधी एक अर्धवट कंपायलर बनवतात. त्याला फक्त सी येते, लायब्ररीची अपेक्षा नसते आणि तो पूर्ण चालणारा प्रोग्रॅम तयार करू शकत नाही. पण लायब्ररीचे भाषांतर करण्यापुरता तो पुरेसा असतो. लिनक्सच्या गाभ्याकडे मागणी कशी करायची हे सांगणारी काही पाने, म्हणजे हेडर, त्याच्या हाती दिली की त्याच्याकडून लायब्ररी तयार होते. मग त्या लायब्ररीच्या आधारे कंपायलर दुसऱ्यांदा, पूर्णत्वाने बनवतात. घर बांधताना पराती उभारून भिंत चढवतात आणि भिंत झाली की पराती काढून टाकतात, तसा तो अर्धवट कंपायलर नंतर टाकून दिला जातो.

तीन जागा

या सर्व खटाटोपात बहुतेक चुका एकाच गोंधळातून होतात. तो टाळण्यासाठी तीन जागा मनात वेगळ्या ठेवाव्या लागतात. हत्यार जेथे घडवले जाते ती पहिली जागा, तिला बिल्ड म्हणतात. घडलेले हत्यार जेथे चालणार ती दुसरी, होस्ट. आणि हत्याराने तयार केलेला माल जेथे चालणार ती तिसरी, टार्गेट.

नेहमीच्या कंपायलरमध्ये तिन्ही जागा एकच असतात, त्यामुळे हा भेद आपल्या लक्षातच येत नाही. क्रॉस-कंपायलरमध्ये बहुधा पहिल्या दोन एक आणि तिसरी वेगळी असते. तिन्ही वेगळ्या असणेही शक्य आहे. समजा, लिनक्स संगणकावर आपण असा कंपायलर घडवला की जो विंडोजवर चालेल आणि आर्डुइनोसाठी भाषांतर करील. अशा रचनेला ‘कॅनेडियन क्रॉस’ असे गमतीदार नाव आहे. हे नाव पडले तेव्हा कॅनडात तीन राष्ट्रीय पक्ष होते, एवढाच त्याचा कॅनडाशी संबंध!

शिंप्याचे उदाहरण घेऊ. तो स्वतःच्या दुकानात, स्वतःच्या यंत्रावर शिवतो. पण सदरा गिऱ्हाइकाच्या मापाचा हवा. घाईत त्याने स्वतःच्या अंगाचे माप धरले तर शिवण उत्तम येईल, सदरा मात्र बसणार नाही. क्रॉस-कंपायलरमधील चुकांचे स्वरूप असेच असते. भाषांतर सुबक होते, कोठे तक्रार येत नाही. माल टार्गेटवर गेल्यावर बिघाड दिसतो.

ही मापे कोणती? सी भाषेतील ‘इंट’ या नेहमीच्या संख्येला किती बाइट द्यायचे, हे एक. संगणकावर चार, आर्डुइनो उनोवर दोन. बाइटांचा क्रम हे दुसरे. १००० ही संख्या म्हणजे ३ गुणिले २५६ अधिक २३२. काही यंत्रे स्मृतीत आधी ३ ठेवतात मग २३२, तर काही आधी २३२ मग ३. एकाने लिहिलेले दुसऱ्याने आपल्या क्रमाने वाचले तर १००० चे ५९,३९५ होतात. या दोन पंथांना डॅनी कोहेन यांनी १९८० साली गलिव्हरच्या प्रवासातील, अंडे कोणत्या टोकाने फोडावे यावरून भांडणाऱ्या लोकांची नावे दिली, ती आजही चालतात. दशांश संख्या एका कामातून दुसऱ्या कामाकडे कोणत्या वाटेने पाठवायच्या, हे तिसरे माप. आर्मच्या ३२ बिटी यंत्रांत याच्या दोन परस्परविरोधी रूढी आहेत आणि एका रूढीची लायब्ररी दुसऱ्या रूढीच्या प्रोग्रॅमला जोडू गेल्यास लिंकर नकार देतो. असा नकार मिळाला तर आपण नशीबवान. कारण इतर अनेक बाबतींत कोणीच नकार देत नाही.

गिऱ्हाईक दुकानात नसताना माप

साखळी घडवताना किंवा तिने एखादा प्रोग्रॅम तयार करताना ही मापे आधी घ्यावी लागतात. नेहमीच्या संगणकावर ते सोपे असते: एक छोटा चाचणी-प्रोग्रॅम लिहायचा, चालवायचा, ‘इंट किती बाइटची?’ असे विचारायचे, उत्तर येते. पण क्रॉस-कंपायलरचा माल येथे चालतच नाही. गिऱ्हाईक दुकानात आलेलेच नाही! कधी कधी तर ते येणेही शक्य नसते. मंगळावर २०१२ साली उतरलेल्या क्युरिऑसिटी या गाडीत पॉवरपीसी घराण्याचा प्रोसेसर आहे. तिचे प्रोग्रॅम पृथ्वीवरच तयार होऊन रेडिओ संदेशाने जातात.

येथे एक सुंदर युक्ती वापरतात. चाचणी-प्रोग्रॅम चालवता येत नसला तरी त्याचे भाषांतर करता येते. आणि भाषांतर झाले की अडले, हेही एक उत्तरच असते. सी भाषेत संख्यांच्या रांगेची लांबी ऋण असू शकत नाही. तशी लिहिली तर कंपायलर ती नाकारतो. म्हणून असा मजकूर लिहायचा: ‘इंटचा आकार ४ किंवा त्याहून कमी असेल तर रांगेची लांबी १, नाहीतर उणे १.’ भाषांतर झाले तर आकार चारपर्यंतचा आहे. मग चारऐवजी दोन घालून विचारायचे, मग एक. अशी मर्यादा अरुंद करीत गेले की नेमका आकार हाती येतो. एकही आज्ञा टार्गेटवर न चालवता टार्गेटचे माप मिळते. मुले मनातली संख्या ‘हो’ आणि ‘नाही’ एवढ्या उत्तरांवर ओळखण्याचा खेळ खेळतात, तोच हा खेळ.

मात्र हे करताना प्रश्न चुकून होस्टच्या कंपायलरला विचारला गेला, किंवा आर्मच्या हेडरऐवजी स्वतःच्या संगणकाचे हेडर वाचले गेले, तर माप शिंप्याचेच येते. साखळ्या घडवताना आमचे सर्वाधिक दिवस गेले असतील ते अशा चुका शोधण्यात.

आणखी एक अडचण आहे. जीसीसी आपल्याच संगणकासाठी घडवताना स्वतःची परीक्षा घेतो. जुन्या कंपायलरकडून तो स्वतःला एकदा घडवून घेतो, त्या घडलेल्या प्रतीकडून दुसऱ्यांदा आणि दुसऱ्या प्रतीकडून तिसऱ्यांदा. दुसरी आणि तिसरी प्रत तंतोतंत सारखी आली पाहिजे. फरक पडला तर भाषांतरात दोष आहे हे कळते. क्रॉस-कंपायलरला ही परीक्षा देता येत नाही, कारण त्याने केलेली स्वतःची प्रत येथे चालणार नाही. म्हणून त्याचा माल खऱ्या बोर्डावर, किंवा बोर्डाचे सोंग घेणाऱ्या प्रोग्रॅमवर तपासावा लागतो. फाब्रिस बेलार यांनी सुरू केलेला आणि २००३ साली प्रसिद्ध झालेला क्यूएमयू हा असा प्रोग्रॅम आज मुक्तपणे मिळतो. ॲलन यांनी १९७५ साली ८०८० चे सोंग उभे केले त्याचाच हा व्यापक अवतार.

वर्गात करण्याजोगा प्रयोग

हे सर्व केवळ वाचून सोडण्यापेक्षा एक लहान प्रयोग करून पाहावा. आर्डुइनो उनोवर लांबी आणि रुंदी अशी दोन इंट चले घ्या, दोन्हींत २०० ठेवा आणि त्यांचा गुणाकार छापा. ४०,००० ऐवजी उणे २५,५३६ असे उत्तर येईल. तोच गुणाकार संगणकावरील सी कंपायलरने करून पाहा; ४०,००० येतील.

कारण विद्यार्थ्यांना शोधू द्यावे. दोन बाइटमध्ये ६५,५३६ वेगवेगळ्या संख्या मावतात. त्यांतल्या अर्ध्या ऋण संख्यांना दिलेल्या असल्याने उनोचा इंट उणे ३२,७६८ पासून ३२,७६७ पर्यंतच जातो. ४०,००० त्यापलीकडे जातात आणि ४०,००० वजा ६५,५३६ म्हणजे उणे २५,५३६ हाती राहतात. एखाद्या गटाने पर्जन्यमापकाच्या प्रकल्पात सेकंद मोजायला इंट वापरला असेल, तर त्यांचे घड्याळ ९ तास ६ मिनिटे ७ सेकंदांनंतर एकदम ऋण होईल. संध्याकाळी लावलेला प्रकल्प पहाटेपर्यंत बिघडलेला दिसेल आणि मुले तारा तपासत बसतील.

या प्रयोगात एक सूक्ष्म गोष्ट दडलेली आहे. दोन्ही संख्या आधीच ठाऊक असतील तर कंपायलर गुणाकार बोर्डावर ढकलत नाही. भाषांतर करतानाच उत्तर काढून ठेवतो. म्हणजे गुणाकार प्रत्यक्षात होतो तो चार बाइटच्या इंटच्या संगणकावर! तरीही उत्तर उणे २५,५३६ च येते. चांगला क्रॉस-कंपायलर स्वतःच्या यंत्रावर गणित करतो, पण टार्गेटच्या नियमाने करतो. दशांश संख्यांचे असे गणित जीसीसी होस्टच्या चिपवर सोपवीतच नाही. त्यासाठी तो एमपीएफआर ही वेगळी लायब्ररी वापरतो, म्हणजे कोणत्याही संगणकावर बसून भाषांतर केले तरी उत्तर एकच येते.

पुन्हा फ्रीझरकडे

आता आमची चूक सांगता येईल. एका बाइटमध्ये २५६ आकृती मावतात. त्यांचा अर्थ ० ते २५५ असा घेता येतो, किंवा वरच्या अर्ध्या आकृती ऋण मानून उणे १२८ ते १२७ असाही घेता येतो. दुसऱ्या पद्धतीत उणे २० साठी वापरली जाते ती आकृती २५६ वजा २०, म्हणजे २३६ ची. आम्ही तापमान सी भाषेतील ‘कॅर’ या एका बाइटच्या प्रकारात ठेवले होते. कॅर ऋण संख्या धरू शकतो की नाही, हे सी भाषेने मुद्दाम ठरवलेले नाही. ज्या त्या यंत्राच्या रूढीवर सोडले आहे. एक्स-८६ वर कॅर ऋण होऊ शकतो. आर्म-लिनक्सवर तो ऋण होत नाही. आरंभीच्या आर्म प्रोसेसरांत स्मृतीतून बाइट आणणारी आज्ञा त्याला नेहमी धन मानत असे. ऋण बाइट थेट आणणारी आज्ञा नंतरच्या आवृत्तीत आली. रूढी मात्र तशीच राहिली. ती केवळ चिपवर अवलंबून नसते हेही लक्षात घ्यावे: ॲपलचे संगणक आर्म प्रोसेसरवरच चालतात, पण तेथे कॅर ऋण होऊ शकतो.

म्हणून झाले असे. बोर्डाने उणे २० साठवले, आकृती बनली २३६ ची. ती परत वाचताना बोर्डाला २३६ च दिसले. २३६ हे उणे १० पेक्षा नक्कीच मोठे, म्हणून बझर वाजत राहिला. आम्ही तेच बाइट संगणकावर आणले, तेव्हा संगणकाने आपल्या रूढीने ते उणे २० वाचले. एकच बाइट दोन ठिकाणी दोन अर्थांनी वाचला गेला आणि बोर्डाची तक्रार खरी आहे की नाही हे आम्ही आमच्याच संगणकाला विचारून ठरवले. क्रॉस-कंपायलरने गिऱ्हाइकाचे माप बरोबर धरले होते. स्वतःचे माप धरले ते आम्ही.

दुरुस्ती एका शब्दाची निघाली. चल घोषित करताना ‘साइन्ड’ हा शब्द आधी लावला की त्यात ऋण संख्या राहू शकतात, यंत्र कोणतेही असो. तो शब्द आम्ही लावला. त्याबरोबर दोन सवयीही लावून घेतल्या. संख्येचा आकार किंवा चिन्ह महत्त्वाचे असेल तेथे ते यंत्राच्या रूढीवर न सोडता प्रोग्रॅममध्ये स्पष्ट लिहायचे. आणि प्रोग्रॅम ज्या यंत्रावर चालणार तेथेच, निदान त्याच्या सोंगावर तरी, धोक्याच्या मर्यादेच्या दोन्ही बाजूंच्या किमती देऊन तपासायचा.

शाळेत रास्पबेरी पाय असेल तर हाही प्रयोग करता येईल. कॅर प्रकारात उणे २० ठेवून ती संख्या म्हणून छापा. पायवरील लिनक्सवर २३६ दिसतील, कार्यालयातील संगणकावर उणे २०. मुलांना दोन्ही पडदे शेजारी ठेवून दाखवावेत आणि यांतले बरोबर कोण, असे विचारावे. दोन्ही आपापल्या नियमाने बरोबर आहेत, हे त्यांना कळायला थोडा वेळ लागतो. आम्हालाही लागला. त्या विद्यार्थिनीने नमुने पुन्हा पहिल्यापासून गोळा केले, त्यात एक पूर्ण पावसाळा गेला. फ्रीझरवर आजही तोच जुना बझर आहे आणि त्याची तार काढण्याची मुभा आता कोणालाही नाही.